खाऱ्या पाण्याची टाकी आणि थंडीचा हिशेब

थंडी पडू लागली की शोभेच्या माशांच्या दुकानात दोन प्रकारची गिऱ्हाइके दिसतात. काही नवी टाकी घ्यायला आलेली असतात, तर काही दिवाळीला घेतलेल्या टाकीतले मासे मेले म्हणून भांडायला आलेली असतात. गोड्या पाण्याचे मासे स्वस्त असल्याने तिथली तक्रार चार शब्दांत मिटते. खाऱ्या पाण्याच्या टाकीचे तसे नाही. २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश लहान मुलांच्याही ओळखीचा झाला. तो मासा घरात हवा, त्याच्याभोवती समुद्रातल्या प्रवाळासारखा देखावा हवा, अशी मागणी होऊ लागली. धंद्यात अशा टाकीला ‘रीफ’ म्हणतात. काच, लाकडी स्टँड, पंप, दिवे, मीठ, खडक आणि मासे मिळून हा हजारो रुपयांचा मामला असतो. थंडीच्या एका रात्रीत तो बसला तर गिऱ्हाइकाचे नुकसान होते आणि दुकानदाराची साखही जाते.

काच कापणारे, टाक्या जोडणारे, सुतारकाम करणारे, वायरिंग करणारे आणि माल विकणारे असे अनेक बंधू या धंद्यावर पोट भरतात. त्यांच्यासाठी हा विषय आम्ही घेतला आहे. आमचे सांगणे थोडक्यात असे की, टाकी उबदार ठेवण्याचे काम हीटर विकून संपत नाही. ते टाकी बांधतानाच सुरू होते. उष्णता कुठून निघून जाते हे ज्याला कळले त्याला लहान हीटर पुरतो. ज्याला कळले नाही त्याला मोठा हीटरही कमी पडतो, आणि एखाद्या दिवशी तोच हीटर मासे उकडून टाकतो.

पाण्याला ऊब का हवी?

समुद्रातील बहुतेक प्रवाळ २३ ते २९ अंश सेल्सिअसच्या पाण्यात चांगले वाढते. त्याच्या आसऱ्याने राहणारे मासेही याच उबेला सरावलेले असतात. समुद्र एवढा मोठा आहे की रात्र-दिवसाच्या फरकाने त्याचे पाणी फारसे तापत नाही आणि थंडही होत नाही. घरातल्या दोनशे लिटर पाण्याला ती सोय नाही. खोली थंड झाली की चार-सहा तासांत पाणीही तिच्यामागे जाऊ लागते.

मासा थंड रक्ताचा जीव आहे. त्याच्या शरीराचे तापमान म्हणजे पाण्याचेच तापमान. पाणी उतरले की तो खाणे कमी करतो, त्याचे पचन मंदावते, रोगाशी झगडण्याची ताकद कमी होते आणि अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या परोपजीवीचे फावते. थंडीचा फटका प्रत्यक्ष समुद्रातही बसतो. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडली, किनाऱ्याजवळचे पाणी १६ अंशांच्याही खाली गेले आणि तेथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर मेले.

‘आपल्याकडे कुठे एवढी थंडी?’ असे कोणी म्हणेल. मुंबईत २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश तापमान नोंदले गेले आहे. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंश आणि नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंश इतका पारा उतरला होता. नाशिककडच्या निफाडची थंडी तर द्राक्ष बागायतदारांना चांगलीच ठाऊक आहे. या नोंदी उघड्यावरच्या आहेत, घरात एवढे गारठत नाही, हे खरे. परंतु पत्र्याच्या छपराची खोली, उत्तरेकडची उघडी खिडकी किंवा रात्री बंद असलेले दुकान यांत पहाटे १५ अंश सहज होतात. टाकी २५ अंशांवर ठेवायची असेल तर हा फरक १० अंशांचा झाला. पुढचा सगळा हिशेब आम्ही याच १० अंशांवर मांडला आहे.

प्रवाळाबद्दल आधी एक खुलासा

धंद्याच्या दृष्टीने ही बाब फार महत्त्वाची आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा आहे. २००१ साली केंद्र सरकारने प्रवाळालाही या कायद्याचे संरक्षण दिले. भिंती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाईप प्रवाळ आणि समुद्रपंखा हे पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्यांची विक्री हा गुन्हा आहे. त्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैदेची तरतूद असून, २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडाची किमान रक्कम २५,००० रुपये झाली आहे. मेलेला, वाळलेला पांढरा तुकडाही यातून सुटत नाही. ‘हा परदेशी माल आहे’ हे तोंडी उत्तर तर मुळीच टिकत नाही. समुद्रातून काढून आणलेला ‘जिवंत खडक’ म्हणून जो विकला जातो, तोही बहुधा प्रवाळाचाच सांगाडा असतो. चार पैशांच्या लोभाने त्यात हात घालू नये.

मग रीफ टाकी कशी करावी? खडक भट्टीतल्या मातीचा किंवा सिमेंटचा तयार करावा, आणि मासे टाकीतच पैदास केलेले घ्यावेत. क्लाउनफिशची पैदास भारतात होते; केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तिचे तंत्र बसवले आहे. टाकीत जन्मलेला मासा टाकीच्या पाण्याला आणि कोरड्या खाद्याला सरावलेला असतो, त्यामुळे तो तगतोही जास्त. सिमेंटच्या खडकाबाबत एक पथ्य आहे. नवे सिमेंट पाणी अल्कधर्मी करते. म्हणून खडक काही आठवडे पाण्यात बुडवून, ते पाणी पुन्हा पुन्हा बदलून, मगच टाकीत ठेवावा. कुंभारकाम आणि गिलावा जाणणाऱ्या कारागिरांना यात नवे काम आहे.

ऊब जाते कुठे?

बाजारात नेहमी खपणारी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी घेऊ. तिच्यात काठोकाठ सुमारे २४० लिटर पाणी मावते. वाळू, खडक आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्ष पाणी साधारण २०० लिटर भरते. एवढे खारे पाणी १ अंशाने तापवायला सुमारे २३० वॅट-तास, म्हणजे पाव युनिटपेक्षा थोडी कमी वीज लागते. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा पुन्हा उपयोगी पडेल.

टाकीतून ऊब तीन वाटांनी जाते.

पहिली वाट काचेची. चार बाजूंच्या काचेचे क्षेत्र दीड चौरस मीटरच्या आसपास होते. काच उष्णता फारशी अडवत नाही. खोलीत आणि पाण्यात १० अंशांचा फरक असेल तर या चार बाजूंतून साधारण ८० वॅट उष्णता सतत बाहेर जात असते.

दुसरी वाट बुडाची. टाकी लोखंडी स्टँडवर किंवा पातळ फळीवर असेल तर तिथूनही दहा-पंधरा वॅट जातात.

तिसरी वाट पाण्याच्या उघड्या पृष्ठभागाची. सर्वांत जास्त दुर्लक्ष हिच्याकडे होते. वरच्या थंड हवेला उष्णता जाते ती वेगळीच, पण खरी चोरी वाफेची असते. १ लिटर पाणी वाफ होऊन उडते तेव्हा ते जवळजवळ ६८० वॅट-तास उष्णता बरोबर घेऊन जाते. आपल्या २०० लिटरच्या टाकीला तब्बल ३ अंशांनी थंड करण्याइतकी ही उष्णता आहे. माठातले पाणी गार का होते, याचे कारण हेच. उन्हाळ्यात टाकी थंड ठेवायला पाण्यावर पंखा लावतात तोही याच कारणासाठी, आणि थंडीतही तो पंखा तसाच चालू राहिलेला आम्ही पाहिला आहे. थंडीची हवा कोरडी असते, त्यामुळे उघड्या टाकीतून रोज दोन लिटर पाणी सहज उडते. म्हणजे दिवसाला १.३ युनिटहून अधिक ऊब नुसत्या वाफेवाटे गेली.

तिन्ही वाटांची बेरीज केली तर उघड्या टाकीतून १० अंशांच्या फरकाला सुमारे १८० वॅट जातात. हा हिशेब ढोबळ आहे. वारा, खोली आणि पंप यांप्रमाणे तो थोडा वर-खाली होईल. पण दुखणे कुठे आहे हे त्यावरून कळते.

कारागिराचे काम

वरील हिशेबावरून कामाचा क्रम आपोआप ठरतो. सर्वांत आधी झाकण, मग मागची व बाजूची काच, मग बूड, आणि हीटर सगळ्यांत शेवटी.

झाकण काचेचे किंवा पोकळ थरांच्या पॉलिकार्बोनेट शीटचे करावे. पोकळ शीटमध्ये हवा अडकलेली असल्याने ती ऊब चांगली धरते. ॲक्रिलिकची पातळ शीट खालून ओलावा व उष्णता आणि वरून कोरडी थंड हवा लागून काही दिवसांत वाकते, म्हणून ती टाळावी. बिजागऱ्या आणि स्क्रू लोखंडी नकोत. खाऱ्या वाफेने ते गंजतात आणि गंज पाण्यात पडतो. प्लास्टिकची बिजागरी किंवा सिलिकॉनचा जोड बरा.

झाकण हवाबंद मात्र करू नये. मासे आणि जिवाणू श्वासाबरोबर कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो बाहेर जायला वाट हवी. थंडीत लोक खोलीच्या खिडक्याही लावून बसतात, त्यामुळे हवा आणखी कोंदते आणि पाण्याची आम्लता वाढू लागते. मागच्या बाजूला दोन-तीन बोटांची फट ठेवावी आणि पंपाची धार अशी लावावी की पाण्याचा पृष्ठभाग हलता राहील. खालच्या कपाटात गाळणीची टाकी, म्हणजे ‘सम्प’ असेल तर त्यावरही झाकण घालावे. वरची टाकी झाकून खालची उघडी ठेवली तर अर्धी मेहनत वाया गेली.

मागची काच आणि दोन्ही बाजूंच्या काचा झाकल्याने शोभा बिघडत नाही, कारण गिऱ्हाईक समोरूनच पाहते. तिथे एक इंच जाडीचा थर्माकोल किंवा एसीच्या नळ्यांना लावतात तो काळा फोम बाहेरून बसवावा. काळ्या फोमने मागची पार्श्वभूमीही आपोआप तयार होते. थर काचेला घट्ट चिकटलेला हवा. मध्ये वारा खेळला तर फायदा कमी होतो. बुडाखालीही शीट घालावी. ती ऊब तर राखतेच, शिवाय फळीचा उंचसखलपणा पोटात घेते.

एवढे केल्यावर तीच टाकी १० अंशांच्या फरकाला १८० ऐवजी सुमारे ८० वॅट घालवते. म्हणजे थंडीच्या बारा तासांच्या रात्रीत सव्वा युनिटच्या जवळपास बचत झाली, महिन्याला ३५ युनिट. आपापल्या बिलावरील दराने याला गुणले की झाकण आणि फोमचा खर्च किती दिवसांत फिटतो हे गिऱ्हाइकाला कागदावर दाखवता येईल.

टाक्या जोडणाऱ्या उस्तादांना थंडीची आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने पक्के होते. थंड आणि कोरड्या हवेत त्याला वेळ जास्त लागतो. पावसाळ्यात जी टाकी तीन-चार दिवसांत पाणी भरायला तयार वाटते, तिला थंडीत आठवडा द्यावा. न्हाणीघरासाठीचे बुरशीनाशक घातलेले सिलिकॉन टाकीला कधीही वापरू नये. त्यातले औषध माशांना विष आहे.

हीटर किती आणि कसा?

दुकानात नेहमी असे घडते की गिऱ्हाईक विचारते, ‘कोणता देऊ?’ आणि दुकानदार सगळ्यांत मोठा काढून देतो. मोठा हीटर म्हणजे जास्त सुरक्षितता, हा समज घातक आहे.

काचेच्या नळीतल्या साध्या हीटरमध्ये दोन धातूंची एक पट्टी असते. पाणी तापले की ती वाकून वीज तोडते, थंड झाले की पुन्हा जोडते. दर खेपेला तिथे बारीक ठिणगी पडते. हजारो वेळा असे होऊन एके दिवशी ती टोके एकमेकांना चिकटून बसतात आणि हीटर बंदच होत नाही. आता हिशेब पाहा. ३०० वॅटचा हीटर असा अडकला आणि उष्णता अजिबात बाहेर गेली नाही असे धरले, तर २०० लिटर पाणी तासाला १.३ अंशांनी तापेल. रात्रीच्या ८ तासांत २५ चे ३५ अंश होतील आणि सकाळी टाकीत एकही जीव उरणार नाही. तोच हीटर १०० वॅटचा असेल तर ८ तासांत फार तर साडेतीन अंश वाढतील. २८.५ अंशांवर मासे बेचैन होतील, पण जगतील, आणि सकाळी मालकाच्या ध्यानात येईल.

म्हणून झाकलेल्या २०० लिटरच्या टाकीला १००-१०० वॅटचे दोन हीटर द्यावेत. एक बंद पडला तर दुसरा ८० वॅटची गळती भरून काढतो. एक अडकून चालू राहिला तर तो एकटा रातोरात टाकी उकडू शकत नाही. टाकी याहून लहान-मोठी असेल तर त्याच प्रमाणात घ्यावे.

दोन्ही हीटर बाहेरच्या डिजिटल कंट्रोलरवर लावावेत. कंट्रोलर २५ अंशांवर ठेवावा, अर्धा अंश उतरल्यावर हीटर सुरू व्हावा असा. हीटरवरची चकती मात्र २६ किंवा २६.५ वर ठेवावी. रोजचे काम कंट्रोलर करील आणि त्याचा रिले अडकला तर हीटरची स्वतःची पट्टी दुसरा पहारेकरी म्हणून उभी असेल. कंट्रोलरचा एकच मोठा धोका आहे. त्याचा संवेदक, म्हणजे वायरच्या टोकाची ती काळी घुंडी, पाण्याबाहेर पडली तर तिला खोलीची थंड हवा लागते. पाणी थंड आहे असे समजून कंट्रोलर हीटर चालूच ठेवतो. म्हणून ती घुंडी क्लिपने पक्की बांधावी. सक्शन कपावर भरवसा ठेवू नये.

हीटर बसवायची जागाही महत्त्वाची आहे. वाहत्या पाण्यात, पंपाच्या धारेजवळ तो असावा, म्हणजे ऊब सगळीकडे पोचते. सम्पमध्ये बसवायचा झाल्यास ज्या कप्प्यात पाण्याची पातळी कायम राहते तिथेच बसवावा. पाणी वर फेकणाऱ्या पंपाच्या कप्प्यात नको, कारण वाफेने पाणी कमी झाले की सर्वांत आधी तिथलीच पातळी उतरते, हीटर उघडा पडतो आणि काच तडकते.

थर्मामीटर दोन असावेत. काचेवर बाहेरून चिकटवायची पट्टी काचेचे तापमान दाखवते, पाण्याचे नव्हे. थंडीत तर ती हमखास कमी दाखवते. थर्मामीटर खरा आहे की नाही हे तपासायला बर्फाचा चुरा थोड्या पाण्यात घालून त्यात तो बुडवावा. तिथे शून्य दाखवले पाहिजे. दुकानात विकण्यापूर्वी ही पाच मिनिटांची परीक्षा घेतली तर पुढच्या कटकटी वाचतात.

विजेचा धोका

इथे माशांपेक्षा माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे. हीटरची काच तडकली तर सगळी टाकी विजेने भारली जाते, आणि पाण्यात हात घालणारा बहुधा घरातले मूल असते किंवा टाकी साफ करणारा आपला पोऱ्या.

टाकीच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लावल्याशिवाय टाकी चालू करून देऊ नये. गळतीचा प्रवाह जाणवताच तो क्षणात वीज तोडतो. नेहमीचा एमसीबी हे काम करत नाही. तो जादा भार किंवा शॉर्ट सर्किट झाल्यावर पडतो आणि त्याआधीच माणूस गेलेला असतो. घरात तीन पिनांचा सॉकेट आहे म्हणून अर्थिंग आहे असे समजू नये. जुन्या चाळींत आणि इमारतींत तिसरी पिन अनेकदा नुसती शोभेची असते. टेस्टर नव्हे, मीटर लावून तपासावे.

प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी झोळाशी गळून पडते, सॉकेटात जात नाही. बोर्ड टाकीच्या खाली नको, बाजूला व उंचावर असावा. पाणी बदलण्यापूर्वी हीटर बंद करून १५-२० मिनिटे थांबावे. तापलेला हीटर उघडा पडला किंवा उघड्या गरम हीटरवर थंड पाणी पडले तर काच फुटतेच.

वीज गेल्यावर

भारनियमनाच्या गावांत हा प्रश्न नेहमी विचारला जातो. झाकलेल्या टाकीचे पाणी १० अंशांच्या फरकाला तासाला एक तृतीयांश अंशाने उतरते, उघड्या टाकीचे पाऊण अंशाने. चार तास वीज नसली तर पहिल्या टाकीचे दीड अंश उतरतील, दुसरीचे तीन. म्हणजे बांधतानाच केलेले काम इथेही उपयोगी पडते.

परंतु वीज गेल्यावर पहिली टंचाई उबेची नसते, प्राणवायूची असते. पंप थांबला की पाणी हलायचे थांबते आणि दाट मासे असलेल्या टाकीत ते लवकरच धापा टाकू लागतात. म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप प्रत्येक टाकीबरोबर द्यावा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर हवेचा पंप आणि एक लहान प्रवाह-पंप चालवावा. घरात नेहमी दिसणाऱ्या १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर १,८०० वॅट-तास असतात, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी मिळतात. २०० वॅटचे हीटर तिला काही तासांत रिकामे करतील. ५ वॅटचा हवेचा पंप रात्रभर चालेल.

वीज फार वेळ आली नाही तर टाकीला गोधडी गुंडाळावी. एक-एक लिटरच्या चार प्लास्टिक बाटल्यांत हाताला चटका बसेल इतके, साधारण ६० अंशांचे पाणी भरून, बूच घट्ट लावून त्या टाकीत तरंगत ठेवाव्यात. त्याने २०० लिटर पाणी ०.७ अंशांनी वर येते. ऐकायला हे थोडे वाटते, पण दोन तासांची थंडी त्याने परतवली जाते. कढत पाणी सरळ टाकीत ओतू नये. पाणी बरेच उतरले असेल आणि वीज आली तर एकदम वर नेऊ नये. तासाला एखाद अंश पुरे.

पाणी आणि माल

पाणी उडते तेव्हा मीठ मागेच राहते. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे, गाळलेले पाणीच घालावे, खारे नव्हे. थंडीत रात्रभर बादलीत राहिलेले पाणी १६-१७ अंशांचे असते, ते दहा-पंधरा लिटर एकदम ओतले तर टाकीचा पारा अर्ध्या अंशाने खाली येतो. थोडे थोडे घालावे. आठवड्याच्या पाणीबदलासाठी केलेले मिठाचे पाणी मात्र आधी टाकीइतके गरम करून घ्यावे. क्षारता मोजायचा तरंगता मापक थंड पाण्यात वाढीव आकडा दाखवतो, कारण थंड पाणी जड असते. थंड बादलीत १.०२६ बघून समाधान मानले तर प्रत्यक्षात मीठ कमी पडलेले असते. पाणी २५ अंशांवर आणावे, मगच मोजावे.

बाहेरगावाहून रातोरात येणारा माल थर्माकोलच्या पेटीतच मागवावा आणि पेटी गाडीच्या टपावर नव्हे, आत ठेवायला सांगावे. पिशवी दुकानातल्या टाकीत १५-२० मिनिटे बंदच तरंगत ठेवावी, मग टाकीचे पाणी थोडे थोडे आत घालत मासा सोडावा. दुकानातल्या टाक्यांचे हीटर रात्री दुकान बंद करताना मेन स्विचबरोबर बंद होत नाहीत ना, हेही पाहावे. यासाठी वेगळी लाईन काढून घेणे केव्हाही स्वस्त.

गिऱ्हाइकाला काय द्यावे?

आमच्या व्यापारी बंधूंना एक व्यवहारी सूचना करावीशी वाटते. टाकी, हीटर, झाकण असे सुटे सुटे न विकता ‘थंडीसाठी तयार टाकी’ म्हणून एकच भाव सांगावा. त्यात झाकण, तीन बाजूंचा फोम, दोन लहान हीटर, कंट्रोलर, दोन थर्मामीटर, आरसीसीबीचा बोर्ड आणि बॅटरीचा हवापंप हे सगळे धरावे. भाव थोडा वाढतो. पण एक मोठा हीटर देऊन मोकळे होणाऱ्या शेजारच्या दुकानापेक्षा तुमची टाकी फेब्रुवारीत जिवंत असेल आणि ते गिऱ्हाईक पुढच्या चौघांना तुमच्याकडे पाठवील.

ज्या जुन्या टाक्या आधीच विकल्या आहेत त्यांच्या मालकांकडे नोव्हेंबरमध्ये एक फेरी मारावी. हीटरची काच, संवेदकाची क्लिप, आरसीसीबीचे टेस्ट बटण आणि झाकणाची फट एवढे तपासायला अर्धा तास लागतो. या फेरीचा वाजवी आकार घ्यायला हरकत नाही. दोन-तीन हिवाळे सतत चाललेला हीटर चांगला दिसत असला तरी बदलून घ्यायला सांगावे. पट्टीची टोके बाहेरून दिसत नाहीत.

शेवटी, प्रत्येक टाकीबरोबर मराठीत किंवा गिऱ्हाइकाला वाचता येईल त्या भाषेत एक कार्ड द्यावे. त्यावर चार ओळी असाव्यात: पाणी २५ अंशांवर आहे का, हे रोज सकाळी पाहा; उडालेल्या पाण्याच्या जागी गोडे पाणी घाला; हात घालण्याआधी वीज बंद करा; वीज गेली तर आधी हवापंप लावा. कार्डाच्या मागे हीटर बसवल्याची तारीख आणि दुकानाचा शिक्का असावा. छपाईला फारसे पैसे पडत नाहीत, आणि पुढच्या नोव्हेंबरच्या फेरीत कोणता हीटर बदलायला झाला आहे हे त्या तारखेवरूनच कळते.